छातीचं हाड जुळेपर्यंत

शिंक येणार हे कळलं तेव्हा उशी माजघरात राहिली होती आणि मी पडवीत कुळीथ निवडत बसले होते. दोन्ही हात छातीवर दाबून धरेपर्यंत शिंक आलीच, आणि छाती मधोमध उसवली असं वाटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास वरच अडकला. हे आतून धावत आले. "टाके गेले काय गो?" मला बोलता येईना. अर्ध्या तासाने आत जाऊन ब्लाउजची बटणं काढली आणि आरशात बघितलं. जखम होती तशीच होती, कोरडी, बंद. काहीही तुटलेलं नव्हतं. तो अर्धा तास मात्र मी विसरलेले नाही.

शस्त्रक्रियेला त्या दिवशी सोळा दिवस झाले होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वय ६१, राहणार जामसंडे, तालुका देवगड. १२ डिसेंबर २०२४ ला कोल्हापूरच्या एका रुग्णालयात माझी बायपास झाली. त्याआधी भेटेल त्याला मी एकच विचारत होते, बरं व्हायला किती दिवस लागतात? डॉक्टर, नर्स, आमच्या वाडीतले आधी बायपास झालेले दोघे, सगळ्यांचं उत्तर एकच: तीन महिने. ते उत्तर खोटं नव्हतं. पण तीन महिने कशाला लागतात याची फोड कुणी केली नाही. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ छापलेली होती, "छातीत दुखल्यास त्वरित संपर्क साधावा." मला तर चोवीस तास छातीत दुखत होतं. त्यातलं कुठलं दुखणं सोसायचं आणि कुठल्या दुखण्यासाठी रात्री गाडी काढायची, हे त्या कार्डाने सांगितलं नाही. या एका गोष्टीची खंत मला अजून आहे, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. त्यातही बायकांसाठी लिहिते आहे. वाडीतले ते दोघेही पुरुष, त्यांना न आलेल्या बऱ्याच अडचणी मला आल्या.

आधीचं थोडक्यात सांगते. त्या पावसाळ्यापासून बाजारातून पिशवी घेऊन आमची घाटी, म्हणजे घराकडची चढण, चढताना माझा जबडा दुखायचा. डावा खांदा भरून यायचा. गडग्याला टेकून दोन मिनिटं उभी राहिले की थांबायचं. छातीत कळ अशी आलीच नाही, त्यामुळे हृदयाचा विचारही मनात आला नाही. पित्त समजून चार महिने पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या. बायकांच्यात हृदयाचं दुखणं पुष्कळदा असं आडवाटेने येतं, हे मला अँजिओग्राफी झाल्यावर कळलं. तिन्ही मुख्य वाहिन्यांत अडथळे होते आणि मधुमेह बारा वर्षांचा. अशा वेळी वाहिनीत जाळी (स्टेंट) बसवण्यापेक्षा बायपास जास्त टिकते असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही हो म्हटलं.

सगळे "ओपन हार्ट" म्हणतात, मीही म्हणायचे. खरं तर बायपासमध्ये हृदय उघडत नाहीत. हृदयाच्या पृष्ठभागावरून ज्या वाहिन्या जातात, त्यांतल्या अडथळ्याच्या पुढे नवी वाट जोडून देतात. माझं तर हृदय थांबवलंही नव्हतं, धडधडत असतानाच जोडकाम केलं. उघडतात ते छातीचं हाड. गळ्याखालच्या खळगीपासून वीतभर खाली, उभं, करवतीने. मग दोन्ही बाजूंच्या फासळ्या पोलादी साधनाने फाकवून धरतात, दोन-तीन तास किंवा जास्तही. काम झालं की हाडाचे दोन्ही काठ जुळवून स्टेनलेस स्टीलच्या तारांनी पिळे मारून बांधतात. माझ्या एक्स-रेत सहा पिळे दिसतात, एकाखाली एक, अगदी ओळीत. त्या तारा जन्मभर तशाच राहतात. म्हणजे बायपास झालेल्या माणसाच्या छातीचं मोडलेलं हाड जुळत असतं, आणि हातापायाला घालतात तसं प्लास्टर तिथे घालता येत नाही, कारण श्वास तर घ्यायचाच असतो. एवढं नीट कळलं असतं तर मी निम्मी कमी घाबरले असते.

आयसीयूतलं फारसं आठवत नाही. घशातली नळी, बोलता न येणं, तहान. ओल्या कापसाने ओठ पुसणारी एक मुलगी. छातीतल्या नळ्या काढताना "मोठा श्वास घेऊन धरा" म्हणाले आणि पोटातून काहीतरी सरकन ओढल्यासारखं झालं, ते आठवतं. तिसऱ्या दिवशी काळीज अचानक बेताल धडधडायला लागलं, मॉनिटरवरच्या रेषा वेड्यावाकड्या धावायला लागल्या. ठोक्यांची ही गडबड बायपासनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना होते, औषधाने बसते, असं सांगितलं. रात्रीतून बसली.

तिथे मला सगळ्यात जास्त कुणी शिकवलं असेल तर फिजिओथेरपीच्या मुलीने. वय असेल पंचवीस. तिने तीन गोष्टी अशा पक्क्या करून घेतल्या की मी वर्गातही कुणाकडून एवढं पाठांतर करून घेतलं नसेल. पहिली, खोकायचं ते उशी छातीशी घट्ट कवटाळून, आणि खोकायचंच. दुखतं म्हणून खोकला गिळला तर कफ साठून फुप्फुस बसतं. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र ओढायचं तेही त्यासाठीच, जागेपणी दर तासाला दहा वेळा. दुसरी गोष्ट, उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि पायांच्या भाराने उठायचं. हातांवर जोर द्यायचा नाही. तिसरी, काहीही करताना कोपरं फासळ्यांना चिकटलेली हवीत. "दोन्ही बगलांत वर्तमानपत्राची घडी धरली आहे असं समजा, ती पडता कामा नये," ती म्हणाली. हात बगलेपासून लांब गेला की हाडाच्या दोन काठांवर ताण येतो, जवळ राहिला की येत नाही. नंतर घरी जेव्हा जेव्हा शंका आली तेव्हा मी त्या वर्तमानपत्रावरून ठरवलं.

दहाव्या दिवशी घरी निघालो. राधानगरीवरून फोंडा घाटाने. मुलाने गाडी अगदी बैलगाडीसारखी हाकली, तरी घाटातली वळणं आणि उतरल्यावरचे खड्डे छातीने मोजले. पुढच्या सीटवर न बसता मागे बसा असं सांगितलेलं होतं. जाऊबाईने जुन्या सुती लुगड्याची चौकोनी उशी शिवून पाठवली होती, ती पट्ट्याच्या आणि छातीच्या मध्ये धरली. साडेचार तासांत तीन वेळा थांबून उतरले, दहा-दहा पावलं चालले, कारण हृदयाच्या नव्या वाटेसाठी ज्या पायाची शीर काढली होती तो सुजत होता.

घरी आल्यावर कळलं की आमचं घर बायपासच्या माणसासाठी बांधलेलंच नाही. पलंग बुटका, त्याच्या चारही पायांखाली चिरे घालून उंच केला. संडास भारतीय पद्धतीचा, तिथे उकिडवं बसून हातावर जोर देऊन उठावं लागतं. कणकवलीहून कमोडची खुर्ची भाड्याने आणली. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी या दोन गोष्टी आधी करून ठेवाव्यात, रुग्ण दारात आल्यावर धावाधाव नको.

वजनाचं बंधन सहा आठवडे दोन किलोचं होतं. आमच्याकडे आंब्यासाठी काटा आहेच, ह्यांनी एका संध्याकाळी स्वयंपाकघरातलं एकेक भांडं त्यावर ठेवून बघितलं. भाताने भरलेला कुकर बाद. पाण्याची कळशी तर विचारायलाच नको. सोललेला नारळ मात्र अर्ध्या-पाऊण किलोच्या आत. त्या नारळाने पुढे मला फसवलं, ते सांगते.

आता दुखण्यांकडे येते. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की छातीत एक दुखणं नाही, चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. मग मी शाळेतली उरलेली दोनशेपानी वही काढली आणि रेघा मारल्या. वेळ, जागा, तेव्हा काय करत होते, किती वेळ टिकलं, कशाने थांबलं.

हाडाचं दुखणं मधोमध, एका रेषेत. खोकल्याने, शिंकेने, कूस बदलण्याने वाढणारं. बोट ठेवून दाखवता येईल असं. पहिले तीन आठवडे ते सतत होतं. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला घेतली तर आटोक्यात राहायचं, दुखायला लागल्यावर घेतली तर चार तास वाया जायचे. मी पहिल्या आठवड्यात गोळ्या कमी घेण्यात शहाणपण मानलं. ते शहाणपण नव्हतं. दुखतं म्हणून श्वास उथळ, श्वास उथळ म्हणून कफ, कफ म्हणून खोकला, आणि खोकला म्हणून आणखी दुखणं.

दुसरं पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये. याचा मला सगळ्यात जास्त अचंबा वाटला. कापलं पुढे आणि ठणकतं मागे! फासळ्या फाकवलेल्या असतात, त्यांचे मागचे सांधे आणि स्नायू ताणलेले असतात, त्यात आपण जखम जपायला खांदे पुढे घेऊन पोक काढून बसतो. पडवीतल्या आरामखुर्चीत पाठीला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि खांदे हळूहळू गोल फिरवणं, याने ते महिन्याभरात गेलं. रात्री झोपही त्या आरामखुर्चीतच लागायची. आडवं पडलं की छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेने आतून एक धमनी उतरते. ती सोडवून हृदयाच्या मुख्य वाहिनीला जोडतात, कारण ती पायाच्या शिरेपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालू राहते. पण ती सोडवताना तिथल्या बारीक नसा दुखावतात. त्यामुळे माझा डावा स्तन आणि त्याच्या वरचा भाग बधिर झाला. बधिर म्हणजे बोट लावलं तर कळायचं नाही, आणि साडीचा पदर घासला तर मिरची लावल्यासारखी आग व्हायची. दोन्ही एकाच जागी. मी घाबरून कुणाला बोलले नाही, बायकांना असल्या जागेचं बोलायला होत नाही. तपासणीच्या वेळी तिथल्या वयस्क नर्सबाईंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बाई, हे बहुतेकींना होतं. नसा सावकाश जाग्या होतात, सहा महिने धरा." आणखी एक त्यांनीच सांगितलं. बायकांच्या छातीचं वजन जखमेला दोन्ही बाजूंनी ओढत असतं, म्हणून दिवसरात्र पुढून उघडणारी, मऊ सुती, तारेशिवायची आधार देणारी ब्रा घालायची आणि जखमेवर शिवण येणार नाही असं बघायचं. मी तर जखमेला हवा लागावी म्हणून महिनाभर सैल झंपरावर होते. आधार दिल्यावर दोन दिवसांत मधली ओढ निम्मी झाली. हे वाक्य डिस्चार्ज कार्डावर का नसतं, हे मला अजून समजलेलं नाही.

बायकांच्याच आणखी दोन गोष्टी. पाठीमागे हात नेऊन हूक लावणं आणि डोक्यामागे हात नेऊन अंबाडा घालणं, दोन्ही सहा आठवडे बंद. डोक्यावरून तांब्या ओतून न्हाणंही बंद. ते सगळं जाऊबाईने केलं. तिच्यापुढे स्टुलावर बसून वेणी घालून घेताना मला पहिल्यांदा रडू आलं. रुग्णालयात आलं नव्हतं. त्यानंतर पंधरा दिवस कशानेही यायचं, रेडिओवर भजन लागलं तरी. हेही बायपासनंतर पुष्कळांना होतं, आणि ते सांगायला हवं, कारण घरातल्यांना वाटतं आपलंच काही चुकलं.

जेवणाचं म्हणाल तर तोंडाला लोखंडाची चव होती. बांगड्याच्या वासाने पोटात ढवळायचं, आयुष्यात पहिल्यांदा. उकड्या तांदळाची पेज तेवढी जायची. सुकी मासळी, लोणचं, पापड मिठापायी बंदच होतं. साखर रोज मोजायचे, कारण साखर वाढली की जखम पिकते, हे मधुमेह्याने डोक्यात कोरून ठेवावं. बघायला येणाऱ्यांनी जखमेवर लावायला हळदीपासून खोबरेल तेलापर्यंत सगळं सुचवलं. मी साबण-पाण्याशिवाय काही लावलं नाही. शेजारच्या आजीने तर खरोखर काळजीने विचारलं, "तुजा काळीज भायर काढल्यानी काय गो?" मी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून तिला समजावलं. तिने माझ्या हातावर हात ठेवून म्हटलं, "मगे हाड जुळाक टायम लागतलोच."

आता माझी चूक. संक्रांतीच्या दोन दिवस आधी, म्हणजे शस्त्रक्रियेला महिना झाल्यावर, अंगात कसर आली. ताप शंभरच्या आसपास. छातीत डावीकडे टोचायला लागलं, मोठा श्वास घेतला की जास्त. आडवी झाले की वाढायचं आणि पुढे वाकून मांडीवर उशी घेऊन बसले की कमी व्हायचं. वहीत मी ते लिहिलं. तीन दिवस लिहीत राहिले आणि बोलले कुणाला नाही. घरात हळदीकुंकू होतं, सुनेची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने आणलेले. छातीत दुखणारच, बायपास झाली आहे, असं स्वतःला समजावलं. चौथ्या दिवशी चार पावलांत धाप लागली तेव्हा मुलाने वही बघितली आणि एक शब्द न बोलता गाडी काढली.

कणकवलीला ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, रिपोर्ट कोल्हापूरला पाठवला. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, शस्त्रक्रियेत ती उघडावी लागते. काही जणांत पुढच्या एक ते सहा आठवड्यांत तिला सूज येते, आत पाणी जमतं. माझ्या पिशवीत पाणी होतं, थोडं. जास्त साठलं असतं तर हृदयालाच दाबलं असतं. सुजेवरची कोल्चिसिनची गोळी सुरू केली, ॲस्पिरिनचा डोस काही दिवस वाढवला, आठवड्याने पुन्हा इको. ताप दोन दिवसांत उतरला, टोचणं पाच दिवसांत. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, "बाई, आडवं झाल्यावर वाढतं आणि वाकल्यावर कमी होतं, हे तुम्ही तीन दिवस आधी लिहून ठेवलंय. तेव्हाच फोन करायचा होता." वर्गातल्या पोराला मी जे शंभरदा सांगितलं असेल, उत्तर येत असून गप्प का बसलास, तेच मला कुणीतरी सांगत होतं.

मग पुढच्या भेटीत मी वही पुढे ठेवून बसले आणि म्हटलं, मला एकेक समजावून सांगा. त्यांनी वीस मिनिटं दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत असं. जे दुखणं एका बोटाने दाखवता येतं, दाबल्यावर किंवा वळल्यावर वाढतं, ते बहुतेक हाडाचं, स्नायूचं, नसेचं. जे दाखवताना आपण अख्खा पंजा किंवा मूठ छातीवर ठेवतो, जे दडपल्यासारखं असतं, चालल्यावर येतं आणि थांबल्यावर जातं, जबड्यात नाहीतर हातात उतरतं, घाम फोडतं, ते हृदयाचं समजायचं. आणि माझं आधीचं दुखणं, घाटी चढतानाचा तो जबडा, परत आला तर एक मिनिट वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. बसल्या जागी, विश्रांतीतही दडपण जात नसेल तरी तेच. जखमेतून पाणी किंवा पू येणं, भोवती लाली वाढत जाणं, थंडी वाजून ताप, प्रत्येक श्वासाला नाहीतर हालचालीला हाड कटकट वाजणं किंवा सरकल्यासारखं वाटणं, ही हाडाची आणि जखमेची धोक्याची लक्षणं. पोटरी एकाच पायाची दुखून सुजली किंवा अचानक धाप लागली, तरी थांबायचं नाही. हे सगळं मी मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं. अजून आहे.

आता नारळ. जानेवारी संपत आला होता, सातवा आठवडा. बंधन होतं तेही दोन किलोचं, नारळ पाऊण किलोचा, म्हणजे चालेल, असा माझा हिशेब. घरात कुणी नव्हतं. आडाळो, म्हणजे खोबरं खवायची विळी, काढला, पाट घेतला, बसले. खवताना नारळाचं वजन हातात नसतंच, हे तेव्हा सुचलं नाही. डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी वाटी पात्यावर दाबायची आणि फिरवायची, म्हणजे दोन्ही खांदे पुढे आणि छातीचे दोन्ही स्नायू आवळलेले. अर्धी वाटी झाली असेल, छातीच्या हाडाजवळ उजवीकडे "कट्" झालं. कानाला ऐकू आलं नाही, आत जाणवलं. हात तसाच थांबला. पात्यावर खोबरं, मांडीवर खोबरं. हे बागेतून आले, दारातूनच ओरडले, "उठ आदी थयसून!" मला उठताही येईना, खाली बसले होते ना, हातावर जोर न देता उठायचं कसं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हाडावर बोटं ठेवली आणि खोकायला सांगितलं. चार-पाच ठिकाणी तसं केलं. हाड पक्कं होतं, तारा जागेवर होत्या. कट् झालं ते फासळी आणि हाड जोडणाऱ्या कूर्चेत. तिथे सूज होती, ती पुढे तीन आठवडे बोट ठेवलं की दुखत राहिली. त्यांनी मला सांगितलं की वजन किलोत मोजू नका, ताकद कुठून लागते ते बघा. घट्ट झाकण उघडणं, अडकलेली खिडकी ढकलणं, कपडे पिळणं, विहिरीचा रहाट ओढणं, यांतल्या कशालाच वजन नाही आणि सगळ्यांनी छातीचं हाड ताणलं जातं. साधारण सहा ते आठ आठवड्यांत हाड बऱ्यापैकी धरतं, पूर्ण ताकद यायला तीन महिने, मधुमेह असेल तर थोडं जास्तच धरायचं. तर ते तीन महिने ते हे, हाडाचे.

चालणं मात्र पहिल्या दिवसापासून होतं आणि मला खरं उभं त्यानेच केलं. घरी आल्यावर खळ्यात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग पाणंदीच्या तोंडापर्यंत, मग वडापर्यंत. आंब्याला मोहोर आला तेव्हा मी वीस मिनिटांवर होते, कणी धरली तेव्हा पाऊण तासावर. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटलं तर वेग कमी करायचा, एवढाच नियम. नवव्या आठवड्यात पहिल्यांदा घाटी चढले. रिकाम्या हाताने, मध्ये दोनदा थांबून. जबडा दुखतो का याकडे सगळं लक्ष. वर पोचेपर्यंत दुखला नाही. गेल्या पावसाळ्यात ज्या गडग्याला टेकायची, तिथे मुद्दाम उभी राहिले, पाच मिनिटं. काहीही दुखत नव्हतं, फक्त जखमेची नेहमीची ओढ.

२६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. कुणकेश्वरच्या जत्रेला मी गेले नाही. जायची फार इच्छा होती, पण त्या गर्दीत एक धक्का बसला तर, या भीतीने आदल्या आठवड्यात सकाळी लवकर जाऊन दर्शन घेऊन आले. भरतीचं पाणी देवळाखाली आपटत होतं. तेव्हाही उशी पिशवीत होती.

तीन महिन्यांच्या तपासणीत सगळी बंधनं हळूहळू सोडायला सांगितली. मला वाटलं, संपलं. संपलं नाही. आंब्याच्या दिवसांत मी फक्त वर्गवारीला बसले, पेटी उचलली नाही, तरी दिवसभर हात पुढे करून फळं निवडल्यावर संध्याकाळी छातीवर आडवा पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. गारठ्याची पहिली रात्र आणि हाडातून एक जुनाट, खोल ठणका. पुन्हा घाबरले, पुन्हा वही, पुन्हा तपासणी. हाड जुळलेलं होतं, इको चांगला होता. दमट गारठ्यात काही जणांचं असं दुखतं, म्हणाले, गरम कपडा बांधा आणि खांद्याचे व्यायाम सोडू नका. लोकरीची बंडी घालून झोपायला लागले. जुलैत कधीतरी डाव्या स्तनाला पदराचा स्पर्श स्पर्शासारखा कळला. आग नाही, बधिरपणा नाही. मी कामात होते, हातातलं काम टाकून तशीच उभी राहिले. अजून रुपयाएवढा एक ठिपका हाडाच्या डावीकडे बधिर आहे. तो राहीलही कदाचित. जखमेचा वरचा दोन बोटांचा भाग जाड होऊन खाजतो, घाम आला की जास्त.

चतुर्थीला, २७ ऑगस्टला, घरात बारा माणसं होती. आदल्या रात्री मोदकांसाठी नारळ फोडले. जाऊबाई आडाळ्यावर बसायला निघाली, मी म्हटलं, आज मला बसू दे. "वयनी, तुमी नको," ती म्हणाली. मी बसले. कोपरं जवळ, वाटी सावकाश, मध्ये थांबून. पाच नारळ खवले. सहाव्याला उजवीकडच्या त्या जुन्या जागी, बोट ठेवता येईल अशी, बारीक कळ आली. मी पाटावरून उठले, पायांच्या भाराने, आणि उरलेले तिच्याकडे दिले. रात्री एक पॅरासिटामॉल घेतली. पहाटे चारला उठून उकड काढायची होती.